तिच्यावर आखीन किती टाकाचं

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला बसले तर आधी हात दिसतात, मातीनं आणि कपाशीच्या बोंडाच्या टरफलांनी फाटलेले, आणि मग चेहरा म्हणून जो येतो तो माझाच असतो, आरशातला, आताचा. म्हणजे तुझा चेहरा मी घालवला असं समज. आज लिहायला बसले ते तुझी याद येऊन जीव कासावीस झाला म्हणून नाही. आपल्यात तसलं काही नव्हतं. तू जीव लावणारी नव्हतीस आणि मी लावून घेणारी नव्हते. लिहायचं कारण असं की तुझं एक वाक्य मी माझ्या पोराच्या तोंडून ऐकलं. माझ्याच सैपाकघरात. तो तुझ्यामागं जन्मला, तुझं नाव घरात कोणी काढत नाही, आणि ते वाक्य मी आजवर कोणापाशी बोलले नाही. तरी त्याला ते आलं, जसंच्या तसं.

नातीच्या जुन्या वहीत मागं कोरी पानं राहिली आहेत, त्यावर लिहिते. माझी शाळा तिसरीत सुटली, तुला ठाऊक आहे, तूच सोडवलीस. बोलते तसं लिहिलं की नात हसते. "आजी, मले नाई, मला लिहाचं." म्हणून तिच्या पुस्तकातल्यासारखं लिहायला पाहते, जमेल तेवढं. तुला काय, तुला दोन्ही वाचता येत नव्हतं.

माझं घर तू पाहिलं नाहीस. दारव्ह्यापासून आत, डांबरी सुटते तिथून थोडं पुढं. दोन खोल्या, पुढं टिनाचं छप्पर, त्याखाली माझ्या तीन बकऱ्या. पोरगा दुसऱ्याची जीप चालवतो, दारव्हा ते यवतमाळ, दिवसातून जमतील तितक्या फेऱ्या. सून ब्लाउज शिवते. थोरली नात आठवी पास झाली आणि धाकटा नातू चार वर्षांचा आहे. मला सरकारच्या निराधार योजनेचे पंधराशे येतात, येतात तेव्हा येतात, आणि अंग साथ देईल त्या दिवशी मी निंदणाला, वेचणीला जाते. भागते. रडगाणं सांगायला हे लिहीत नाही.

नातीला दुखणं आहे. त्याला सिकलसेल म्हणतात. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईनं मला कागदावर काढून दाखवलं. रक्तात बारीक बारीक गोल असतात, ते हिच्या अंगात वाकडे होतात, विळ्यासारखे, आणि जागोजागी अडकतात. मग हाडं दुखतात, छाती दुखते, डोळे पिवळे पडतात, रक्त कमी होतं. विळा मी जन्मभर हातात धरला, तो रक्तातही निघाला. नवरा-बायको दोघांच्या अंगात अर्धा अर्धा असला तर एखाद्या लेकरात पुरा उतरतो, असं ती म्हणाली. सगळ्यांचं रक्त तपासलं. पोराच्या अंगात अर्धा, सुनेच्या अंगात अर्धा, नातवात नाही. माझ्यात अर्धा. मग नर्सबाईनं विचारलं, "मावशी, तुमच्या माहेरी कोणी लहानपणी गेलं होतं का?"

मी म्हणाले, गेली होती एक बहीण, काविळीनं. नर्सबाईनं नुसती मान हलवली. बाहेर बाकड्यावर बसले आणि मला कळलं, की आपली धाकटी काविळीनं गेली नाही, कोणाच्या नजरेनं गेली नाही, आणि तू गावदेवीला कबूल केलेलं कोंबडं दिलं नाहीस म्हणूनही गेली नाही.

तर आता त्या दिवसाचं सांगते. शाळा उघडायला थोडे दिवस राहिले होते. पोरगा स्टँडवरून लवकर घरी आला. नात पुढच्या खोलीत गोधडी घेऊन पडली होती, आदल्या हप्त्यात गुडघे धरले होते तिचे. बाहेर ऊन भाजत होतं आणि ही गोधडीत. सून तुरीची डाळ निवडत होती. पोरगा मोबाईल घेऊन माझ्यापुढं बसला.

"आई, पोराचं नाव कॉन्व्हेंटात टाकाचं हाय. पैशे भराची तारीक येऊन राह्यली."

"मंग टाक."

"टाक म्हनल्यानं होते का? अठरा हजार हाय सालाचे. कपडे अलग, पुस्तकं अलग, गाडी अलग."

"चार वर्साच्या पोराले अठरा हजार? त्याले कलेक्टरच करून देते का थे आखरी?"

"मजाक नको करू. आयक." मग त्यानं मोबाईल माझ्याकडं फिरवला, जसं मला त्यातलं दिसणार होतं. पोरीचा सगळा खर्च त्यानं मांडला होता. नववीला दारव्ह्याला जावं लागेल, आटोचे महिन्याला आठशे. गोळ्या फुकट, रक्त फुकट, पण दर महिन्याला यवतमाळ. तू म्हणशील बाप जीप चालवतो तर भाडं कसलं. जीप त्याची नाही, माय. मालक संध्याकाळी सीटा मोजून पैसे घेतो. पोरगी बसली की एक सीट, सोबत मी बसले की दुसरी, आणि दोन्हीचे पैसे बाप आपल्या खिशातून मालकाला देतो. त्यातून तो तिला पुढं खिडकीपाशी बसवतो, कारण मागं दाटीत तिचे पाय दुखतात, आणि पुढच्या सीटला माणसं दहा रुपये जास्ती द्यायला तयार असतात. भरती केलं की सुनेचं शिवण बंद. मग डबा, फळं, बाहेरून आणावी लागणारी एखादी सुई. हे सगळं त्यानं महिन्याचं मांडलं, महिन्याचं सालाचं केलं, आणि सालाचं ती अठराची होईपर्यंतचं. मग पुढचं. "लगन कोन करन हिच्याशी? केलं तरी पयल्या बाळंतपनात..." तिथं तो थांबला.

मी म्हणाले, "सारं मांडलं लेका, मरन कधी येते थेही दिसते का त्यात?"

सुनेचे हात डाळीत थांबले. पोरानं मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, हळूच म्हणाला, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून, "तिले घरीच ठेवू. तुह्याजवळ राहीन. लय दुखलं तं नेऊ दवाखान्यात, नाई कोन म्हनते? तुह्या दोन बकऱ्या इकून पोराचं नाव टाकू. त्याचं अंग तं चांगलं हाय. त्याचं काई होईन. तिच्यावर आखीन किती टाकाचं?"

सुनेकडं मी पाहिलं. ती म्हणाली, "माह्याकडे नोका पाहू आत्याबाई. दोघंबी माह्याच पोटचे हायेत. मले इचारू नोका." आणि सूप उचलून बाहेर गेली. डाळ निवडून झाली नव्हती.

आता तुझं. बाभुळगावाकडचं आपलं घर. तिथंही सैपाकघरच होतं, चूल होती, आणि बाहेर आपली एक बकरी. तिचं दूध तू विकत नव्हतीस, एवढं तुझं मानते. संध्याकाळी दोन जरमनच्या वाट्या चुलीपाशी ठेवायचीस, एक माझी, एक धाकटीची, आणि दोन्हीत दूध ओतून वाकून पाहायचीस, एकीत जास्ती तर नाही गेलं. धाकटी पाचाची असेल, मी आठाची. तिचे हातपाय सुजायचे, रडून रडून तिचा आवाज बसायचा. तू तिला पाठीवर घेऊन बाभुळगावला वैदाकडं नेलीस, दोनदा. दुसऱ्या वेळी त्यासाठी पायातल्या तोरड्या गेल्या. तिसऱ्यांदा तिचे डोळे हळदीसारखे झाले आणि बा म्हणाला, "जाय ना घेऊन." तू भाकर थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "तिच्यावर आखीन किती टाकाचं? हे येक तं जगू द्या." हे एक म्हणजे मी. त्या संध्याकाळी तू दूध काढून आणलंस आणि माझ्या वाटीत ओतलंस, सगळं. दुसरी वाटी धुतलीस आणि पालथी घातलीस.

मी प्याले. भूक होती. त्याची माफी मागायला हे लिहीत नाही, तुलाही नाही आणि तिलाही नाही. आठ वर्षांच्या पोरीला भरली वाटी दिली तर ती पिणारच. पण ती पालथी वाटी मी पाहिली आणि धाकटीनंही पाहिली.  ती रडली नाही. नुसती कूस बदलली तिनं. मला वाटतं तिला समजलं होतं. लेकरांना समजतं, माय, मोठ्यांना वाटतं नाही समजत.

तू दुष्ट होतीस असं मी म्हणत नाही. तू शेतावरची बाई होतीस आणि तुला शेताचंच गणित येत होतं. आता कपाशीच्या सरकीचं पाकीट एवढं महाग की बाया एका भोकात एकच दाणा टाकतात, सोन्यासारखा मोजून. तेव्हा घरची सरकी होती. शेणात घोळायची आणि एका भोकात दोन दोन, तीन तीन दाणे टोबायचे. सगळे उगवले तर मग विरळणी. एका जागी एक झाड ठेवायचं, जोरदार असेल ते, बाकीचं उपटून फेकायचं. त्या साली तू मला पहिल्यांदा विरळणीला नेलीस, अर्ध्या रोजीवर. मी ओळीत बसले आणि माझा हात चालेना. एका जागची दोन झाडं सारखीच, पानाला पान. कोणतं उपटू? तू मागून आलीस. "पाहून काय राह्यली? कोनतंबी उपट. दोनी ठेवशीन तं दोनी रोडावतीन." मी एक उपटलं. त्याचं मूळ लांब आणि पांढरं होतं, ओलं. तू पुढं गेलीस, तसं मी बोटानं माती उकरली आणि ते परत लावलं, शेजारी. तू वळून पाहिलंस. अशी चापट हाणलीस की कानात भुंगा शिरल्यासारखं दोन दिवस गुणगुणत होतं. "उपटलेलं लागत नसते, येडे," तू म्हणालीस. "मालकाची रोजी घेतली ना? मंग काम कर." ते दुपारपर्यंत मान टाकून सुकलं, तू म्हणालीस तसंच.

तुला न सांगितलेली गोष्ट ही, की धुऱ्याच्या काठाला, बांधावरच्या पळसाच्या खुणेपाशी, मी एक जागा सोडली. दोन्ही झाडं ठेवली. कोणाला काय दिसतं काठावर. वेचणीला गेलो तेव्हा मी आधी तिथं पळाले. आता मी इथं खोटं लिहू शकते. कोणाला कळणार? पण खरं ते असं, की दोन्ही रोडावली होती. एकाला पाच बोंडं, एकाला चार, तीही बारकी, अर्धी किडून कवडी झालेली. शेजारचं एकटं झाड माझ्या छातीला लागत होतं आणि पांढरंफेक फुटलं होतं. तुझा हिशोब चुकला नव्हता. चुकला असता तर मला सोपं गेलं असतं. तुला शिव्या देऊन मोकळी झाले असते.

धाकटी त्याच्या आधीच गेली होती. श्रावणात. पावसात लाकूड पेटेना म्हणून ओढ्याच्या काठी पुरली. तू दुसऱ्या दिवशी निंदायला गेलीस. बाया म्हणाल्या, काय काळजाची बाई आहे. हप्त्याभरानं तू बाजारातून माझ्यासाठी पाटी आणलीस, लाकडी चौकटीची, एक कोपरा उडालेली म्हणून स्वस्तात. आपल्या घरात कोणी शाळेत गेलेलं नव्हतं. विहारात येणारे गुरुजी कधीचे सांगत होते, पोरी शाळेत घाला, आणि तू म्हणायचीस, दोघींना घालायला कुठून आणू? आता एकीलाच घालायची होती. परवडलं. तीन वर्षं परवडलं. मग तेही नाही परवडलं. पण जे चार शब्द मला येतात ते त्या पाटीचे आहेत, आणि ती पाटी कशातून आली ते मला ठाऊक आहे. म्हणून ही अक्षरं काढताना हात थोडा जड पडतो. बाकी काही नाही.

आणि एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. त्याच्या पुढच्या साली आपण टोबणीला गेलो, निंदणाला गेलो, वेचणीला तर गेलोच. विरळणीच्या वेळी मात्र तू घरी राहिलीस. कंबर धरली म्हणालीस. त्याच्याही पुढच्या साली कंबर धरली. दर साली त्याच दिवसांत धरायची. मी एकटी जायची आणि मनात म्हणायची, बुढी आळशी झाली. माझं लग्न होईपर्यंत तू एकदाही विरळणीला आली नाहीस. मला हे कळायला दवाखान्यातून नातीचं सिकलसेलचं कार्ड हातात पडावं लागलं. तू सरळ बोलली असतीस तर? पण काय बोलणार होतीस?

पुढचं सांगते. पोरगा बोलला त्याच्या दोन दिवसांनी नातीला घेऊन यवतमाळला जायची तारीख होती. ती पुढं खिडकीपाशी, मी तिच्या बाजूला, बाप गाडीवर. लाडखेडच्या पुढं गेल्यावर मागच्या सगळ्या सीटा भरल्या, माणसं दारात लोंबायला लागली, गोंधळ झाला, तसं ती माझ्या कानाशी आली.

"आजी, माह्यावर किती लागते?"

"काय किती?"

"पैशे. बाबा मोबाईलवर मांडत होते, मले आयकू आलं. मी जागीच होती."

"लय कान लांब झाले तुहे. काई लागत नाई."

"लागते. मी हिशोब केला. शाळा नाई गेली तं आटोचे वाचते, ड्रेसचे वाचते. घरी राहून आईले काजं-बटन करून देईन. मंग सोन्याले कॉन्व्हेंटात टाकता येते." धाकट्याला ती सोन्या म्हणते. आणि वर म्हणाली, "माह्यं गणित चांगलं हाय आजी. बाईबी म्हनते."

मी तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर होताच. मला वाटलं हिला एक थोबाडीत द्यावी. तिला नाही, तुला द्यावी वाटली, माय, पण तू हाताशी नव्हतीस. आपली धाकटी कूस बदलून गप पडली होती, आणि ही गणित करून मला स्वतःला उपटून देत होती, मुळासकट, आणि वर शाबासकी मागत होती.

बापानं गाडी चालवता चालवता आमच्याकडं पाहिलं. त्याला ऐकू गेलं की नाही मला ठाऊक नाही. यवतमाळच्या स्टँडवर त्यानं तिच्यासाठी उसाचा रस आणला, एक गिलास, स्वतःसाठी नाही. मालकाच्या हिशोबात त्यानं आमच्या दोन्ही सीटा लिहिल्या. माझा पोरगा वाईट नाही. तूही नव्हतीस. वाईट माणसं असती तर मी भांडून मोकळी झाले असते, भांडण मला चांगलं येतं.

दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या मी विचार करत होते. तू धाकटीचा हिशोब केलास तो पुऱ्या जन्माचा केलास, आणि जन्माचा हिशोब मांडला की असं लेकरू महागच पडतं. कोणतंही लेकरू महाग पडतं. मी पोराचा मांडला असता तर त्यालाही ठेवलं नसतं, लहानपणी काय कमी खाल्लं त्यानं, आणि दहावीत दोनदा नापास. मोबाईल काय, मोबाईलला म्हटलं ती अठराची होईपर्यंतचं सांग तर तो तेवढं सांगतो. घरी आल्यावर मी पोराला बसवलं.

"आयक. दोन बकऱ्या इकतो मी. पन थे पैशे पोरीचे. आटो, ड्रेस, पुस्तकं, यवतमाळच्या सीटा. येका सालाचे. पुढच्या सालाचं पुढच्या साली."

"आन् पोरगा?"

"पोरगा जाईन गावच्या अंगनवाडीत, मंग झेडपीत. तू कोठी शिकला? तुले चालवता येते ना गाडी?"

"म्हनूनच तं म्हनतो आई, माह्यासारखा नाई झाला पायजे थो." त्याचा आवाज चढला. "त्याचं काय चुकलं? त्याचं अंग चांगलं हाय हे चुकलं का त्याचं? दोघायलेबी अर्धं अर्धं देशीन, मंग दोघंबी धड नाई होनार. लिहून ठेव."

दोनी रोडावतीन. तेच म्हणाला, दुसऱ्या शब्दांत.  मला ठाऊक होतं तो खोटं बोलत नाही. मी पळसापाशी ती बोंडं हातात घेऊन पाहिली आहेत. मी इतकंच म्हणाले, "रोडावतीन तं रोडावतीन. उभे तं राहतीन." तो उठून गेला. सून दाराआडून ऐकत होती. ती आली आणि माझ्या ताटात भाकर वाढली, दुसरी, मी मागितली नव्हती.

बकऱ्या दारव्ह्याच्या बाजारात गेल्या. पोरगी नववीत जाते. जाते म्हणजे हप्त्यात चार दिवस जाते, दोन दिवस गोधडीत. गेल्या महिन्यात भरती केली होती, रक्त चढवलं. ती वाचेल असं मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. नातू अंगणवाडीत खिचडी खातो आणि शिव्या शिकून येतो. शेजारचं त्याच्याच वयाचं पोरगं टाय लावून पिवळ्या गाडीत बसतं, तेव्हा हा रस्त्यापर्यंत त्या गाडीमागं पळतो. बाप ते पाहतो आणि मग माझ्याकडं पाहतो. कामापुरतं बोलतो माझ्याशी. उद्या हा नातू मोठा होऊन म्हणेल, बुढीनं माझं नुकसान केलं, तर त्याचं खरंच असेल. हे सगळं मी धरून चालले आहे. फक्त पुढच्या सालाचं काय ते धरलेलं नाही. एकच बकरी राहिली आहे आणि ती म्हातारी आहे, माझ्यासारखी.

हे कुठं पाठवायचं नाही. तुला पत्ता नाही, धाकटीच्या ओढ्यालाही नाही, आणि या वहीच्या पुढच्या पानांवर नातीची गणितं आहेत, ती वही परत मागते. शेवटी एवढंच सांगते. आज तुरीची विरळणी होती, फाट्यावरच्या शेतात. कपाशीला एकच दाणा टाकतात, पण तुरीचे अजून दोन-दोन पडतात. बाया गोळा करणारी सकाळी दारात आली. "चालता का वो बुढीमाय? रोजी नगदी हाय." आजची रोजी मी आटोच्या पैशात धरली होती, ती बुडाली. मी तिला म्हणाले, कंबर धरली माझी, उठता येत नाही. बाया गेल्या. सुनेनं शिवण बाजूला ठेवलं आणि तेलाची वाटी गरम करून आणली. "पाठ करा इकडे आत्याबाई, लावून देतो." मी पाठ केली आणि तिला चोळू दिलं.

कंबर दुखत नव्हती, माय.